‘ऑथेल्लो’: डेस्डिमोनाचा जीव फक्त संशयाने घेतला का?

गोविंद बल्लाळ देवलांचं ‘झुंझारराव’ (१८९०) हे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं मराठी रूप. ‘संशयी नवरा, निष्पाप बायको’ एवढीच या कथेची ओळख उरली आहे. पण मूळ नाटकात संशयाच्या आधी रंगद्वेष येतो.

ऑथेल्लो व्हेनिसचा काळा सेनापती. युद्धात तो सगळ्यांना हवा असतो. डेस्डिमोना त्याच्याशी लग्न करते, तेव्हा मात्र तिच्या वडिलांना हे चेटूक वाटतं.

बढती हुकल्याने जळणारा इयागो हाच द्वेष वापरतो. स्वतःच्या वर्णाचा नवरा सोडून तिने याला निवडलं, हेच अस्वाभाविक, असं तो सुचवतो. मग ऑथेल्लोही म्हणू लागतो: मी काळा, वय झालेला, म्हणून ती दुरावली असेल. लोकांचा पूर्वग्रह तो स्वतःबद्दल खरा मानतो आणि तिथेच हरतो. पुढे पुरावा म्हणून एक रुमाल पुरतो.

हुपरीत चांदी आधी पारखतात, मग घेतात. रुमाल तुझ्याकडे कसा आला, हे ऑथेल्लोही कॅसिओला विचारतो. पण डेस्डिमोनाला मारल्यानंतर.