घोड्याचा तंग कसा असावा?

खोगीर घोड्याच्या पाठीवर टिकतें तें पोटाखालून गेलेल्या एका पट्ट्याच्या जोरावर. हा पट्टा म्हणजे तंग. माथेरानला दस्तुरी नाक्याशीं मोटार सोडून घोडा भाड्यानें घेणारीं कुटुंबें रिकिबी पाहतात, घोड्याचा रंगसुद्धां पारखतात; तंगाकडे मात्र क्वचितच कोणाचें लक्ष जातें. वस्तुतः खोगीर फिरून स्वार खालीं आला तर दोष पुष्कळदां तंगाचा असतो, आणि घोड्याच्या कोपरामागें पडलेली जखम हेंही त्याचेंच काम असतें.

'तंग' हा शब्द फारसींतला. खोगिराचा पट्टा आणि आवळ, अरुंद असे दोन्ही अर्थ तेथें आहेत व मराठींतही ते रुळले. या योगायोगानेंच कीं काय, तंग जितका तंग तितका स्वार सुरक्षित अशी समजूत सर्रास आढळते. ती खरी नाहीं. शर्यतीच्या घोड्यांवर ऑस्ट्रेलियांत झालेल्या प्रयोगांत, तंगाचा ताण वाढवला असतां घोडा लवकर दमतो असें दिसून आलें.

तंगाचा सर्वांत अधिक दाब छातीच्या हाडावर पडतो असें पूर्वी धरून चालत, म्हणून गादीही तेथेंच भरीत. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश संशोधनांत प्रत्यक्ष माप घेतलें, तेव्हां हा दाब दोन्ही कोपरांच्या लगेच मागें आढळला. पाय मागें येतांना कोपर तंगाच्या कडेला भिडतें. यास्तव कोपरामागें आंत कोरलेला, मऊ कडांचा आणि रुंद तंग श्रेयस्कर. अरुंद पट्टा स्वस्त पडतो खरा, पण तो कातडींत रुततो.

कापडाविषयीं मतभेद पुष्कळ आहेत. कातडी तंग टिकाऊ, परंतु तेल न लावल्यास तो ताठरतो व तडकतो. सुती निवार घाम शोषते, मात्र माथेरानची तांबडी धूळ तिच्यांत बसली कीं ती कानशीप्रमाणें घासते. ती वारंवार धुतलीच पाहिजे. अमेरिकन पद्धतीच्या खोगिराला अंगोरा बकऱ्याच्या केसांच्या दोऱ्यांचा तंग बांधतात, आणि त्यांतून हवा चांगली खेळते. एकाच बाजूला रबरी ताण असलेला तंग शक्यतों टाळावा. त्यानें खोगीर एका अंगाला ओढलें जातें.

लांबीसाठीं खोगीर चढवून, एका बाजूच्या पट्टीच्या मधल्या भोंकापासून पोटाखालून दुसऱ्या बाजूच्या मधल्या भोंकापर्यंत दोरीनें माप घ्यावें. दोन्ही बक्कलें सारख्या उंचीवर यावींत. कोपराशीं तर ती मुळींच येऊं नयेत.

तंग भरतांना कांहीं घोडे छाती फुगवतात. म्हणून तो एकदम न आवळतां दोन-तीन टप्प्यांनीं आवळावा, पुढचे पाय एकेक करून पुढें ओढून खालची कातडी सरळ करावी, आणि थोडा फेरफटका मारून पुन्हां तपासावा. तंगाखालीं दोन बोटें सपाट सरकलीं म्हणजे पुरे.

तंग भरतांच चावावयास धांवणाऱ्या घोड्याला खोडकर म्हणून बदडतात. त्याआधीं त्याच्या कोपरामागें पाहावें. गडद रंगाच्या घोड्याला तेथें पांढऱ्या केसांचा ठिपका दिसला, तर ती बहुधा बऱ्या झालेल्या जखमेची खूण असते.