ऊर्जानगरात फिरायला जाताय? आधी इयरफोन काढा

आपला पॉडकास्ट ऐकत फिरायला जाणारे तुमच्यात बरेच आहेत. आज त्यांना उलटंच सांगतो: ऊर्जानगरात सकाळ-संध्याकाळ चालताना मला बंद करा.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. सपाट रस्ते, भरपूर झाडं. निवांत चालायला चंद्रपुरात यासारखी जागा नाही. पण ताडोब्याचं जंगल इथून लांब नाही, आणि केंद्राच्या आवारात लपायला झुडपंही भरपूर. 2022 च्या फेब्रुवारीत इथल्या एका कामगाराला वाघाने मारलं. पाठोपाठ शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा जीव घेतला.

खरी पंचाईत उन्हाची. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, म्हणून आपण फिरतो पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. जनावरंही नेमकी तेव्हाच निघतात. बिबट्या तर मोकाट कुत्री अन् डुकरांच्या मागे वस्तीत येतो, त्यामुळे कचऱ्याच्या ढिगाजवळचा रस्ता मी सोडूनच दिलाय. नीट उजाडल्यावर निघतो, दोघं-तिघं मिळून, रस्त्याच्या मधून. बुटाची लेस सुटली तरी झुडपाजवळ वाकत नाही. वाकलेला माणूस बिबट्याला लहान सावज वाटू शकतो.

आणि कान मोकळे हवेत. झाडावरची वानरं एकाएकी खॅक-खॅक ओरडायला लागली, की थांबायचं आणि न पळता आल्या वाटेने मागे फिरायचं. वानर उगाच ओरडलं असेल तर? असू द्या ना. चार पावलं कमी पडतील. आपला एपिसोड घरी जाऊन ऐका.