अंतरिक्षमार्गाचा ताळा

उदाहरण सोडवून झालें कीं त्याचा ताळा पाहावा, असें गणिताचे शिक्षक पहिल्या दिवसापासून सांगत असतात. आणि ताळा पाहण्याचा कंटाळा हा विद्यार्थ्यांचा जुनाच रोग आहे. उत्तर चुकलें तर शाळेंत फार तर चार गुण जातात. परंतु एकदां एका उदाहरणाच्या उत्तरावर एका माणसाचे प्राण अवलंबून होते, आणि यंत्रानें काढलेलें तें उत्तर एका स्त्रीनें हातानें ताडून पाहिल्यावांचून तो मनुष्य उड्डाणास तयार नव्हता. त्या स्त्रीचें, म्हणजे कॅथरीन जॉन्सन यांचें, चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

कॅथरीन कोलमन हिचा जन्म अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांत, व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज या गांवीं, ता. २६ ऑगस्ट १९१८ रोजीं झाला. वडील शेती व लांकूडकाम करीत. आई शिक्षिका होती. दिसेल तें मोजण्याचा या मुलीस छंदच होता. रस्त्यापर्यंतचीं पावलें, प्रार्थनामंदिराच्या पायऱ्या, घांसावयाचीं भांडीं, कांहींच तिच्या मोजणींतून सुटत नसे. त्या परगण्यांत कृष्णवर्णी मुलांसाठीं आठव्या इयत्तेपुढें शाळाच नव्हती. तेव्हां शंभरांहून अधिक मैलांवरील इन्स्टिट्यूट नांवाच्या गांवीं बिऱ्हाड करून आईबापांनीं मुलांच्या शिक्षणाची सोय केली. चौदाव्या वर्षीं कॅथरीनचें हायस्कूल संपलें. पुढें कॉलेजांत तिला क्लेटर नांवाचे अध्यापक लाभले. गणितांत पीएच. डी. मिळविणारे ते तिसरे कृष्णवर्णी अमेरिकन होत. ही मुलगी संशोधनाच्या योग्यतेची आहे हें ओळखून त्यांनीं अवकाशाच्या वैश्लेषिक भूमितीचा एक अभ्यासक्रम खास तिच्याकरितां सुरू केला. (शिक्षकाच्या धंद्यांत असा एक विद्यार्थी लाभला तरी जन्माचें सार्थक झालें असें वाटतें, पण असा अध्यापक लाभणें हें विद्यार्थ्याचेंही भाग्यच!) १९३७ सालीं, अठराव्या वर्षीं, गणित व फ्रेंच हे विषय घेऊन ती पदवीधर झाली.

त्यानंतर शिक्षिकेची नोकरी, विवाह, अर्ध्यावर सोडावा लागलेला उच्च अभ्यास आणि तीन मुलींचें संगोपन यांत कित्येक वर्षें गेलीं. १९५३ सालीं व्हर्जिनियांतील लँग्ली येथील विमानविद्येच्या प्रयोगशाळेंत त्यांना काम मिळालें. हुद्दा होता ‘कॉम्प्यूटर’! आज आपण हा शब्द यंत्रास लावतों. तेथें तो आंकडेमोड करणाऱ्या माणसांस लावीत, आणि हीं माणसें बहुतेक स्त्रियाच असत. कृष्णवर्णी स्त्रियांची कचेरी वेगळी, स्वच्छतागृहें वेगळीं, जेवणाचें टेबलही वेगळें. कॅथरीनबाई आपला डबा आणून मेजाशींच जेवीत, आणि ज्या स्वच्छतागृहावर पाटी नसे तेथें निःशंकपणें जात. ‘हिडन फिगर्स’ या २०१६ च्या बोलपटांत त्या दूरच्या इमारतीकडे धांवत जातांना दाखविल्या आहेत. तसा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. दोनच आठवड्यांत त्यांना उड्डाण-संशोधनाच्या शाखेंत तात्पुरतें धाडण्यांत आलें आणि त्या तेथेंच राहिल्या. दिलेली बेरीज करून गप्प बसणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. हा आंकडा कशासाठीं, हें त्या विचारीत. इंजिनीयरांच्या बैठकींस स्त्रिया जात नसत. तेव्हां त्याविरुद्ध कायदा आहे काय, असा त्यांनीं प्रश्न केला. कायदा नव्हता. त्या बैठकींस जाऊं लागल्या.

१९५८ सालीं या संस्थेची ‘नासा’ झाली आणि विमानांचें गणित अंतरिक्षाकडे वळलें. आतां मुख्य उदाहरण काय होतें तें पाहूं. अग्निबाणाचें इंधन संपलें कीं त्याच्या टोकावरील यान फेंकलेल्या दगडासारखें स्वतःच्या गतीनें जाऊं लागतें. त्या क्षणीं त्याची उंची, वेग आणि उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला दिशेचा कोन, म्हणजे दिगंश, यांवर पुढचा सर्व मार्ग ठरतो. परंतु खालची पृथ्वी स्थिर नाहीं! ती तासास १५ अंश फिरते. पृथ्वीभोंवतीं एका फेरीस साडेअठ्ठ्याऐंशीं मिनिटें लागलीं, तर तेवढ्यांत पृथ्वी २२ अंशांहून अधिक फिरलेली असते. तीन फेऱ्यांत ६६ अंशांहून अधिक. म्हणून नेम धरावयाचा तो स्थळ आज जेथें आहे तेथें नव्हे, तर यान येईल तेव्हां जेथें असेल तेथें. शिवाय पृथ्वी ध्रुवांकडे किंचित् चपटी असल्यामुळें यानाचा मार्ग थोडा थोडा सरकत राहतो, तें निराळेंच.

कॅथरीनबाईंची युक्ति उलटी होती. यान केव्हां व कोठें उतरवावयाचें तें आधीं सांगा, मीं मागें मागें येत केव्हां उडवावयाचें तें सांगतें, असें त्या म्हणत. टेड स्कोपिन्स्की या इंजिनीयराबरोबर त्यांनीं १९६० सालीं या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत एक उदाहरण पूर्वेकडे व एक पश्चिमेकडे सोडलेल्या उपग्रहाचें असून, दोघेही तीन फेऱ्यांनंतर ठरलेल्या स्थळावरून जातात. चपटेपणाची दुरुस्ती घालून कोन पुनः पुनः काढला आहे, आणि शेवटीं यंत्रानें काढलेल्या उत्तराशीं तुलना, म्हणजे ताळाच, दिला आहे. त्या शाखेंतील स्त्रीचें नांव लेखक म्हणून अहवालावर छापलें गेल्याची ही पहिलीच वेळ. ५ मे १९६१ रोजीं ॲलन शेपर्ड सुमारें पंधरा मिनिटांचें उड्डाण करून आले, त्या मार्गाचें गणितही बाईंनींच केलें होतें.

पुढच्या वर्षीं जॉन ग्लेन यांस पृथ्वीप्रदक्षिणेस पाठवावयाचें होतें. या वेळीं हिशेब नव्या गणकयंत्रांवर सोंपविला होता, आणि तीं यंत्रें मधूनच अडत. यानाचा वेग सेकंदास जवळजवळ ५ मैल. तेव्हां उत्तरांत सेकंदाची चूक म्हणजे काय, हें कोणीही समजूं शकेल. ग्लेन यांनीं सांगितलें कीं, त्या मुलीकडून आंकडे तपासून घ्या. ती बरोबर म्हणाली तर मी निघावयास तयार आहें. ‘मुली’चें वय तेव्हां ४३ वर्षें होतें. बाईंनीं तींच समीकरणें घेऊन मेजावरील साध्या यांत्रिक गणकावर, आठ आठ अंकांपर्यंत, सगळें उदाहरण पहिल्यापासून केलें. दीड दिवस लागला. उत्तर जुळलें.

२० फेब्रुवारी १९६२ रोजीं ग्लेन तीन प्रदक्षिणा करून ४ तास ५५ मिनिटांनीं समुद्रांत सुखरूप उतरले. मात्र अंदाजाच्या जागेपासून सुमारें ४० मैल अलीकडे. उड्डाणांत इंधनादि वस्तू खर्च होऊन यानाचें वजन घटतें, तें उतरण्याच्या हिशेबांत धरलें गेलें नव्हतें. आंकडेमोड शुद्ध असूनही गृहीत धरलेल्या गोष्टींत उणें राहिलें तर काय होतें, याचें हें मोठें बोलकें उदाहरण आहे.

पुढें चंद्रावर उतरलेल्या यानाची वर फिरणाऱ्या मुख्य यानाशीं गांठ घालून देण्याच्या गणितांतही त्यांचा वांटा होता. तेहतीस वर्षांच्या नोकरीनंतर १९८६ सालीं त्या निवृत्त झाल्या. अमेरिकेचा ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा बहुमान २०१५ सालीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं, त्यांस मिळाला. २४ फेब्रुवारी २०२० रोजीं, वयाच्या १०१ व्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. त्यांच्या नांवावरील अहवाल २६ आहेत. १९६० सालचा तो अहवाल नासानें सर्वांस वाचावयास खुला ठेवला आहे; त्यांतील साइन व कोसाइन आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस अनोळखी वाटणार नाहींत.