९०.४ : दख्खनच्या माळावरील लोकांची नभोवाणी

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम हद्दीपासून जवळच, सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथून ‘माणदेशी तरंग’ ही सामुदायिक नभोवाणी ९०.४ मेगाहर्ट्‌झवर चालते. शासनाच्या आकाशवाणीहून आणि नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी वाहिन्यांहून निराळे, एका लहानशा टापूतील लोकांच्या सहभागाने त्यांच्याच बोलीत चालणारे केंद्र म्हणजे सामुदायिक नभोवाणी. चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनने २००८ मध्ये सुरू केलेल्या या केंद्रावर शेती, हवामान आणि आरोग्य यांच्या जोडीला परिसरातील लोकगीतांनाही मानाची जागा मिळते. म्हसवडहून वाहणारी माण नदी पुढे सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते, आणि पर्जन्यछायेतील ज्वारी, मेंढरे व माळ हे तिच्या दोन्ही अंगांच्या गावांचे समाईक जग आहे.

अशा केंद्रांचा पाया १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. प्रसारणासाठीच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे त्या निकालाने ठरवले. तरीही स्वयंसेवी संस्थांना परवाना मिळण्यासाठी २००६ चे धोरण यावे लागले. सहसा शंभर वॉटपर्यंतची प्रसारणशक्ती, साधारण तीस मीटरपर्यंतचा मनोरा आणि दहा-पंधरा किलोमीटरची पोच, एवढाच या केंद्रांचा आवाका असतो, आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने व्हावेत अशी अट असते. स्थानिक प्रशासनाने पुरवलेली पाण्याची वा आपत्तीची माहिती त्यांना सांगता येते, पण स्वतः बातमी करता येत नाही. ज्या मुलखात बंधारा कोरडा पडणे हीच सर्वांत मोठी बातमी असते, तेथे हे बंधन अन्यायाचे आहे.

निसर्गाचा उत्सव हे माध्यम कसा करू शकते, याचे सर्वांत भरीव उदाहरण सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील जहीराबादजवळ, तेलंगणातील माचनूर येथे सापडते. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या ‘संघम रेडिओ’चे उद्‌घाटन १५ ऑक्टोबर २००८ रोजी झाले आणि ते १९९५ च्या निकालात सहभागी असलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या हस्ते झाले, ही संगती विलक्षण आहे. दलित शेतकरी स्त्रिया हे केंद्र चालवतात. पेरणी, बियाणे, भरडधान्ये, गावठी औषधे आणि शेतातली गाणी हा त्यांच्या तेलुगू प्रसारणाचा गाभा आहे. त्याच संस्थेच्या जैवविविधता जत्रेत संक्रांतीच्या सुमारास सजवलेल्या बैलगाड्या निघतात, त्यांत मातीच्या भांड्यांतून आणि टोपल्यांतून देशी वाणांची बियाणी मांडलेली असतात, आणि सुमारे महिनाभर त्या गावोगाव फिरतात. बी जपणारी स्त्रीच त्याबद्दल ध्वनिक्षेपकावर बोलते, म्हणून त्या बोलण्याला कोणत्याही कृषी-पत्रिकेहून अधिक वजन येते.

त्याच संक्रांतीला सोलापुरात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते आणि नंदीध्वज निघतात; रब्बीची ज्वारी तेव्हा शिवारात उभी असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि याच जिल्ह्यात नान्नजचे माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ पासून आहे. त्याचे मूळ ८,४९६ चौरस किलोमीटरचे क्षेत्र पुढे सुमारे १,२२३ पर्यंत घटवण्यात आले, कारण त्यात शेते, गावे आणि रस्ते सामावलेले होते. माणसाला वगळून माळ राखता येत नाही, हेच त्यातून दिसले. त्या माळावर गुरे-मेंढरे चारणाऱ्यांना गवताचे, पाखरांचे आणि पावसाचे जे ज्ञान आहे, ते त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित होणे निकडीचे आहे. सोलापूरच्या महाविद्यालयांनी, कृषी विज्ञान केंद्रांनी आणि निसर्गमंडळांनी हे काम हाती घ्यावे. त्यासाठीची वाट २००६ च्या धोरणाने मोकळी करून ठेवलेली आहे.