चुकामूक, हरवणे आणि बेपत्ता होणे : यात्रास्थळी चुकलेल्या मुलांच्या शोधातील भाषेचा प्रश्न

गर्दीत आईबापांपासून सुटलेल्या मुलाविषयी बोलताना मराठी भाषा तीन निरनिराळे शब्द वापरते, आणि त्या तिहींच्या अर्थांतील अंतर केवळ कोशकाराच्या कुतूहलाचे नाही. ‘चुकामूक’ ह्या शब्दात दोन्ही पक्ष समान आहेत : आई मुलाला चुकली, मूल आईला चुकले, दोष कोणाचाच नाही आणि थोड्या वेळात भेट होणार हे गृहीत आहे. ‘हरवणे’ म्हटले की मूल हे हरवलेल्या वस्तूच्या पंक्तीत जाऊन बसते. ते कोणाला तरी सापडायचे असते. ‘बेपत्ता’ हा शब्द पोलीस ठाण्याच्या नोंदवहीतला. त्यात ‘पत्ता नाही’ एवढेच विधान असले तरी काही अनिष्ट घडले असावे ही शंका त्याला कायमची चिकटलेली आहे. ज्या क्षणी घाबरलेली आई मदत केंद्रापाशी येते, त्या क्षणी तेथील माणूस ह्या तीन शब्दांपैकी कोणता मनात धरतो, त्यावर पुढची पंधरा-वीस मिनिटे कशी जातील हे पुष्कळ अंशी अवलंबून राहते. ‘येईल हो, इथेच कुठेतरी असेल’ हे वाक्य चुकामुकीचे आहे. ते बहुधा खरे ठरते. ज्या थोड्या प्रसंगी खरे ठरत नाही, तेथे गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत.

२०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळालेला अहमदनगर जिल्हा ह्या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. शिर्डीस रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी हे तीन मोठे उत्सव. शनिशिंगणापुरास शनी अमावास्या. पाथर्डी तालुक्यात मोहटादेवीचे नवरात्र आणि मढी येथे कानिफनाथांची होळी ते गुढीपाडवा ह्या काळातील यात्रा. ह्यांच्या जोडीला शिर्डीस जलक्रीडा उद्यान आणि भक्तिविषयक करमणूक उद्यानही आहे, आणि दर्शनाला आलेले कुटुंब त्याच दिवशी तेथेही जाते. देवळाची रांग, जत्रेतला पाळणा आणि उद्यानातली घसरगुंडी ह्या तिन्ही ठिकाणी मूल सुटण्याची कारणे बरीचशी सारखी आहेत. परंतु उद्यानाला कुंपण आणि मोजकी दारे असतात, जत्रेला ती नसतात; ह्या एका भेदाने शोधाची सारी रीत बदलते.

सापडलेल्या मुलास विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘तुझे नाव काय?’ हा असतो आणि दुसरा ‘बाबांचे नाव काय?’ हा. दुसऱ्याचे उत्तर पुष्कळदा ‘पप्पा’ असे मिळते व ऐकणारे हसतात. वस्तुतः मुलाचे उत्तर चुकलेले नसते. ऑटो येस्पर्सन ह्या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १९२२ च्या आपल्या ग्रंथात बालभाषेचा विचार करताना असे शब्द वेगळे काढले की ज्यांचा निर्देश बोलणाऱ्यागणिक बदलतो. ‘मी’ आणि ‘तू’ ह्यांच्याबरोबरच ‘आई’, ‘वडील’, ‘घर’ हे शब्दही त्याने ह्याच वर्गात घातले. लहान मुलाच्या लेखी मात्र ‘पप्पा’ हे एका विवक्षित व्यक्तीचे विशेषनाम असते. जगात पप्पा पुष्कळ आहेत हे ज्ञान त्याला हळूहळू होते. त्यातही हे शब्द भाषाभाषांत सारखे आढळतात. रोमान याकबसनने १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ह्याची मीमांसा केली आहे : ओष्ठ्य व्यंजने आणि ‘आ’ हा विवृत स्वर ही बालकाची पहिली कमाई असते आणि मोठी माणसे त्या उच्चारांनाच नात्याचा अर्थ देतात. तात्पर्य, जो शब्द मुलाच्या तोंडून सर्वांत आधी निघतो तोच त्याची भाषा ओळखण्याच्या कामी सर्वांत कमी उपयोगाचा असतो.

शिर्डीची गर्दी बहुभाषी असल्यामुळे ही अडचण दुणावते. मराठी, हिंदी आणि गुजराती भाषकांबरोबर तेलुगू, कन्नड आणि तमिळ भाषक कुटुंबेही तेथे मोठ्या संख्येने येतात. अशा ठिकाणी अगदी ओळखीचा वाटणारा नातेवाचक शब्दच दिशाभूल करतो. ग्रामीण मराठीत ‘बा’ म्हणजे बाप. गुजराती घरात ‘बा’ म्हणजे आई किंवा आजी. मराठी मुलाचा ‘दादा’ थोरला भाऊ असतो, हिंदी किंवा गुजराती मुलाचा ‘दादा’ आजोबा. तेलुगू मूल ‘नान्ना’ म्हणत असेल तर ते वडिलांना हाक मारते आहे. मराठी कानाला त्यात कोणी वयस्क ‘नाना’ ऐकू येतील. कन्नड व तेलुगू भाषेत ‘अण्णा’ हा मोठा भाऊ, आणि कित्येक मराठी घरांत तो जन्मदाता बाप. मराठी घरांतही सर्वत्र एकच व्यवस्था नाही. एकत्र कुटुंबात काका-आत्या जे म्हणतात तेच मूल म्हणू लागते, त्यामुळे स्वतःच्या आईला ‘वहिनी’ आणि वडिलांना ‘भाऊ’ म्हणणारी मुले पूर्वी सर्रास असत व अद्यापही आढळतात. असे मूल ‘वहिनी कुठे गेली?’ म्हणून रडू लागले तर मदतीस धावलेला माणूस भावाच्या बायकोला शोधू लागेल, आणि आई चार हातांवर उभी असेल.

नावाची रचना हाही असाच एक अडसर आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा क्रम मराठी माणसाला स्वाभाविक वाटतो. तेलुगू नावात घराण्याचे नाव आरंभी येते, आणि बहुधा आद्याक्षराच्या रूपाने. तमिळ नावात आडनाव नसून वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. त्या मुलांना ‘आडनाव सांग’ म्हणण्यात काही अर्थ नाही. शिवाय घरचे नाव वेगळे, कागदावरचे वेगळे. ‘शाळेत हजेरी घेताना बाई तुझे नाव कसे घेतात?’ असे विचारल्यास पूर्ण नाव मिळण्याची शक्यता वाढते, कारण हजेरीतले नाव मुलाच्या कानात एका सलग लयीत बसलेले असते. तसेच ‘आईचे नाव काय?’ ह्यापेक्षा ‘शेजारच्या काकू तुझ्या आईला काय म्हणून हाक मारतात?’ हा प्रश्न अधिक फलदायी आहे. (नवऱ्याचे नाव न घेण्याची प्रथा पाळणाऱ्या स्त्रिया ध्वनिक्षेपकापाशी आल्या म्हणजे पूर्वी निराळीच पंचाईत होत असणार, उखाण्याची ती मर्यादा आता पुष्कळ सैल झाली आहे.)

गावाच्या नावाचीही चौकशी पुढे न्यावी लागते. पिंपळगाव, वडगाव, निमगाव ही नावे महाराष्ट्रात जागोजाग आहेत. म्हणूनच लोकांनी पिंपळगाव माळवी, वडगाव गुप्ता, निमगाव जाळी अशी जोडनावे पाडली. मूल बहुधा पूर्वपद तेवढे सांगते, आणि ओळख पटवणारे पद उत्तरपद असते.

मढीच्या यात्रेत ‘गाव कोणते?’ हा प्रश्नच निरर्थक ठरू शकतो. ह्या यात्रेस भटक्या जमातींची कुटुंबे परंपरेने एकत्र येतात. तेथील गाढवांचा बाजारही त्यांच्यामुळेच प्रसिद्ध झाला. कैकाडी बोलीचे नाते तमिळशी, वडारी बोलीचे तेलुगूशी. ह्या बोली घरात बोलणारे मूल घाबरल्यावर बाहेरची मराठी विसरून घरच्या बोलीत उत्तर देते, आणि जवळ उभा असलेला शिपाई ‘हे काही बोलतच नाही’ अशी नोंद करतो. पालावर राहणाऱ्या कुटुंबाला कायमचा पत्ता नसतो. तेव्हा ‘बेपत्ता’ हा शब्द त्या मुलाला हरवण्यापूर्वीही लागू होता, असे म्हणावे लागते.

ह्याच ठिकाणी शब्दांच्या निवडीला जीवघेणे वजन येते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्यापूर्वी भ्रमणध्वनीवरील संदेशांतून पसरली होती. जत्रेत ध्वनिक्षेपकावरून ‘मूल पळवले’ हे क्रियापद उच्चारणे म्हणजे जमावाला कर्ता शोधण्याचे आमंत्रण होय. कारण ‘हरवले’ ह्याला कर्त्याची अपेक्षा नसते, ‘पळवले’ ह्याला असते, आणि तो अध्याहृत कर्ता जमाव स्वतःच ठरवतो. तो बहुधा परका, फाटका आणि वेगळी बोली बोलणारा निघतो.

शंका तर बाळगली पाहिजे, पण ती जमावापुढे उच्चारता कामा नये, ह्या पेचावर अमेरिकेत एक तोडगा निघाला. फ्लोरिडातील हॉलिवूड ह्या गावी १९८१ मध्ये ॲडम वॉल्श नावाचा सहा वर्षांचा मुलगा दुकानातून पळवला गेला व त्याचा खून झाला. त्याच्या स्मरणार्थ वॉलमार्ट ह्या दुकानसंस्थेने १९९४ मध्ये ‘कोड ॲडम’ ही पद्धत सुरू केली आणि २००३ मध्ये कायद्याने ती तेथील संघराज्याच्या सरकारी इमारतींस लागू झाली. मूल सापडत नाही असे कळताच त्याचे वर्णन टिपून घ्यावयाचे, संकेतशब्द उच्चारावयाचा, कर्मचाऱ्यांनी हातचे काम टाकून शोधास लागावयाचे, दारांवर लक्ष ठेवावयाचे आणि दहा मिनिटांत मूल न मिळाल्यास पोलिसांना बोलवावयाचे, असा तिचा सांगाडा आहे. संकेतशब्दाचा गुण हा की तो ज्यांना कळावयास हवा त्यांनाच कळतो. करमणूक उद्यानात ही पद्धत जवळजवळ जशीच्या तशी चालू शकते. वर्णनात पायताणांचा आवर्जून उल्लेख करावा असेही ती सांगते, कारण पळवणारा मुलाचा सदरा पटकन बदलतो, जोडे बदलणे त्याला अवघड जाते. परंतु देवळात जोडे बाहेर राहतात, आणि जलक्रीडा उद्यानात तर अंगावरचे कपडेही कुलूपबंद खणात ठेवून भाड्याचा सारखा पोशाख घातलेला असतो. ‘लाल सदरा, निळी चड्डी’ हे पालकांनी दिलेले वर्णन त्या घडीला खणात पडलेल्या कपड्यांचे असते. तेथे वय, उंची, केसांची ठेवण, करदोडा, कानातले, अंगावरची खूण ह्यांवरच भिस्त ठेवावी लागते. आणि आत शिरताना मुलाचे एक छायाचित्र काढून ठेवणे सर्वांत सोपे.

उद्घोषणेचे स्वरूप ह्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. ‘मूल हरवले आहे’ आणि ‘मूल सापडले आहे’ ह्या दोन उद्घोषणा एकमेकींचे आरसे नव्हेत. पहिलीत वर्णन जितके नेमके तितके चांगले. दुसरीत नाव, गाव, कपडे, खुणा हे सारे जाहीर केल्यास कोणीही येऊन तेच पाठ म्हणून दाखवील. म्हणून ‘पाच-सहा वर्षांचा मुलगा मदत केंद्रात सुखरूप आहे’ एवढेच सांगून बाकीचे पडताळणीसाठी राखून ठेवणे इष्ट. आपल्याकडील ध्वनिक्षेपकांवरून नेमके उलटे घडताना पुष्कळदा ऐकू येते. शिवाय ‘संबंधित पालकांनी त्वरित संपर्क साधावा’ हे कार्यालयीन वळणाचे वाक्य सैरभैर झालेल्या आईच्या कानावरून जाते, कारण ‘संबंधित पालक’ म्हणजे आपण हे तिला त्या क्षणी उमगत नाही. गावाचे नाव आणि संबोधन वाक्याच्या आरंभी यावे, क्रियापद साधे असावे, आणि तेच वाक्य न बदलता पुन्हा म्हणावे. गोंगाटात व्यंजने बुडतात, स्वर आणि लय तगून राहतात. वाक्य दर खेपेस बदलले तर पहिल्यांदा निसटलेला शब्द दुसऱ्यांदा पकडता येत नाही.

पडताळणीच्या वेळी होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे मुलाला ‘हेच का तुझे बाबा?’ असे विचारणे. अगदी लहान मुले हो-नाहीच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याकडे कलतात, मग भोवती गणवेशातली माणसे असतील तर विचारूच नये. नेण्यास आलेल्याने आधी मुलाची दोन्ही नावे, घरातल्या हाका आणि खुणा मुलाच्या समोर नव्हे, निराळ्या ठिकाणी सांगाव्यात. नंतर मूल त्याला आपण होऊन कोणत्या शब्दाने हाक मारते ते पाहावे. ती हाक आधी नोंदवलेल्या शब्दाशी जुळली तर तिच्याइतका चांगला पुरावा त्या घटकेला दुसरा नाही.

कायद्याने ह्या सर्व शब्दभेदांवर एक रेघ ओढली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’ ह्या संस्थेच्या याचिकेवर असा आदेश दिला की बेपत्ता मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवावा आणि अपहरण किंवा अपव्यापार झाला असावा असे आरंभी गृहीत धरावे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३२ नुसार पालकांपासून विलग झालेले मूल ज्याला सापडते त्याने चोवीस तासांच्या आत पोलीस, मुलांसाठीची मदतसेवा, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष ह्यांपैकी कोणाला तरी कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा कलम ३४ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र असा अपराध होय. १०९८ हा क्रमांक ह्यासाठीच आहे. यात्रेतला एखादा कनवाळू भाविक रडते मूल कडेवर घेऊन तासन्‌तास आईबाप शोधत फिरतो, प्रसंगी रात्री आपल्या मुक्कामी नेतो, त्याला हे ठाऊक नसते. प्रयागच्या कुंभमेळ्यात राजाराम तिवारी ह्यांनी १९४६ मध्ये सुरू केलेले ‘भूले भटके शिविर’ एवढ्या वर्षांनी टिकले ते ह्याच कारणाने : सापडलेल्या माणसाला कोठे न्यावयाचे हे तेथे प्रत्येकाला माहीत असते. २०२७ च्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात शिर्डीकडे वळणारी गर्दी लक्षात घेता, जिल्ह्यातील यात्रास्थळी अशा ठिकाणाला सर्व भाषकांना कळणारे एकच नाव आणि एकच चिन्ह असणे निकडीचे आहे.

मुलास भ्रमणध्वनीचा क्रमांक पाठ करवण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. त्यात मराठीपुरती एक मेख आहे. घरी क्रमांक ‘अठ्ठ्याण्णव, बावीस, एकोणसत्तर’ असा जोड्यांनी म्हटला जातो. मराठी संख्यावाचकांत एकं आधी आणि दहं मागून येते, आणि ‘एकोणसत्तर’ म्हणजे सत्तराला एक कमी. मूल तो शब्द पाठ म्हणेल, पण अंक फोडून सांगू शकणार नाही. ऐकणारा तेलुगू किंवा तमिळ भाषक असला तर दोघांचीही गाडी तेथेच अडेल. म्हणून क्रमांक एकेक अंकाने, पाढ्याच्या चालीवर शिकवावा. जे मूल अजून बोलतच नाही त्याच्या दंडावर तो लिहावा. शाईने लिहिलेला पाण्यात जातो, तेव्हा उद्यानात मनगटाच्या पट्टीवर, आणि पट्टीच्या आतल्या बाजूस, म्हणजे वाटेने जाणाऱ्याला तो सहज वाचता येऊ नये.