मूत्रनियंत्रण आणि वार्धक्य – लेखांक ५ : एका शब्दाखालच्या अनेक वस्तू

खोकताना वा शिंकताना होणारी गळती, लघवीची अनावर घाई, तुडुंब भरलेल्या मूत्राशयातून होणारी ठिबक आणि गुडघे साथ देत नसल्यामुळे संडासापर्यंत वेळेत पोहोचता न येणे, या सर्वांच्या गरजा वेगळ्या असूनही औषधांच्या दुकानात ‘मोठ्यांचा डायपर’ अशी एकच मागणी केली जाते. वास्तविक या एका शब्दाखाली अनेक वस्तू मोडतात आणि त्यांतून निवड करताना वयापेक्षा ती व्यक्ती कितपत हिंडती-फिरती आहे आणि स्वतःचे कपडे स्वतः बदलू शकते का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते.

अंतर्रचना बहुतेकांची सारखीच असते. त्वचेलगतचा मऊ पापुद्रा ओल आत जाऊ देतो, बाहेरचा प्लॅस्टिकचा थर ती अडवतो आणि या दोहोंमध्ये लाकडाच्या लगद्याचा कापूस व त्यात विखुरलेले अतिशोषक बहुवारिकाचे, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू असलेल्या पदार्थाचे, साखरेसारखे दाणे असतात. हे दाणे शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषतात. लघवीतील क्षारांमुळे ही शक्ती बरीच घटते, तरी शोषलेली ओल जेलीसारखी धरून ठेवली जाते आणि शरीराचा भार पडला तरी सहजासहजी परत येत नाही. जुन्या धोतराच्या घडीला नेमके हेच जमत नाही.

थोड्या गळतीला नेहमीच्या चड्डीत चिकटवायचा पॅड पुरतो. मासिक पाळीचा पॅड दिसायला तसाच असला, तरी एकदम सुटणारी पातळ लघवी शोषण्यासाठी तो घडवलेला नसतो. हिंडत्या-फिरत्या परंतु अधिक गळती होणाऱ्या व्यक्तीसाठी चड्डीसारखा वर ओढायचा पॅन्ट डायपर योग्य ठरतो, कारण तो स्वतःच्या हाताने खाली करता येतो. अशा व्यक्तीला केवळ घरच्यांच्या सोयीसाठी टेपचा डायपर बांधणे म्हणजे तिचा उरलासुरला ताबाही काढून घेणे होय.

टेपचा डायपर अंथरुणाला खिळलेल्यांसाठी असतो. रुग्णाला कुशीवर वळवून त्याची अर्धी गुंडाळी पाठीखाली सरकवावी, पुन्हा उताणे करून पुढचा भाग पायांमधून वर घ्यावा, खालच्या टेप किंचित वरच्या दिशेने व वरच्या किंचित खालच्या दिशेने चिकटवाव्यात आणि जांघेतील झालर बोटाने बाहेर काढावी; ती आत मुडपलेली राहिली की डायपर कोरडा असूनही चादर भिजते. गळती थांबावी म्हणून मोठ्या मापाचा डायपर घेतला, तर मांडीपाशी फट राहून ती उलट वाढते.

अंडरपॅड हा गादीवर पसरायचा शोषक चौकोन असून तो डायपरची जागा घेऊ शकत नाही. पुरुषांसाठी लिंगावर चढवायचे, नळीने पिशवीला जोडलेले आवरण, म्हणजे कॉन्डोम कॅथेटर, हाही एक मार्ग आहे. मात्र त्याचे माप डॉक्टर वा परिचारिकेकडून ठरवून घ्यावे लागते, कारण घट्ट आवरणाने रक्तपुरवठा अडू शकतो.

डायपरच्या आत आणखी एक डायपर घालण्याची काटकसरही फसवी असते, कारण आतल्याचे प्लॅस्टिक ओल बाहेरच्यापर्यंत पोहोचूच देत नाही आणि दोन्हींच्या जाडीने त्वचा मात्र उकडते. शौच झाल्यावर तर डायपर भरण्याची वाट न पाहता तो तत्काळ बदलावा लागतो, कारण मूत्र आणि मल एकत्र आल्यास त्वचा फार लवकर सोलवटते.