स्लाइड नेमकी कोणासाठी?

मागच्या व्याख्यानात आपण माहिती गोळा कशी करायची ते पाहिलं. आज ती लोकांसमोर मांडायची कशी, म्हणजे स्लाइड कशी करायची आणि ती दाखवताना बोलायचं कसं, ते पाहू.

सुरुवात आमच्याच एका फजितीपासून करतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात तेंदूपत्त्याच्या लिलावासाठी ग्रामसभा होती. पेसा आणि वनहक्क कायद्यांमुळे इथल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्ता स्वतः विकतात. कंत्राटदारांनी दिलेले दर समजावून सांगायचं काम आमच्याकडे होतं. आम्ही एकाच स्लाइडवर नऊ रकान्यांचा तक्ता टाकला: स्टँडर्ड बॅगचा दर, अनामत, हप्ते, सगळंच. वीस मिनिटं बोललो. शेवटी मागे बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "भाऊ, शंभर पुड्याले किती पडते जी?"

आमच्या तक्त्यात हे उत्तर नव्हतं. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग. कंत्राटदार बॅगेच्या भाषेत बोलतो, पानं तोडणारी बाई शेकड्यात मोजते. बॅगेचा दर दहाने भागला की शेकड्याचा दर मिळतो. एवढा साधा भागाकार आम्ही त्या बाईंवर सोडला होता, आणि त्याच तक्त्यावर ग्रामसभेनं ठराव करावा अशी आमची अपेक्षा होती! न समजता वर झालेल्या हातांना संमती कसं म्हणायचं?

आता याच जिल्ह्यातलं एक चांगलं उदाहरण. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था १९८६ पासून गडचिरोलीत काम करते आहे. लहान बाळांचा न्यूमोनिया ओळखायची एक मुख्य खूण म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा त्याहून जास्त श्वास असतील, तर धोका. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? बंग दांपत्यानं एक साधं उपकरण तयार केलं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. दाईला दहापर्यंत मोजता आलं की पुरे.

इथं वैद्यकशास्त्र पातळ केलेलं नाही. ६० चा आकडा आहेच, फक्त तो मण्यांमध्ये बसवलाय. आकडेमोड करणाऱ्यानं आधीच केली आणि वापरणाऱ्याच्या हातात फक्त निर्णय ठेवला. चांगली स्लाइड हेच काम करते.

मग आमची स्लाइड कशी असायला हवी होती? समजा, एक दर बॅगेला ९,००० रुपये आहे आणि दुसरा १०,०००. आम्ही वर शीर्षक दिलं होतं 'तेंदूपत्ता दरांची तुलना'. हे फायलीचं नाव झालं. त्याऐवजी असं लिहायचं: 'दुसऱ्याकडून शेकड्याला १०० रुपये जास्त, पण निम्मे पैसे दिवाळीनंतर.' आता चर्चा सुरू होईल! एका स्लाइडवर एकच वाक्य, तेही पूर्ण, आणि माप ऐकणाऱ्याचं. बाकीचे सात रकाने कागदावर छापून सोबत ठेवा. ते लपवायचे नाहीत, कोणी मागितले तर लगेच देता आले पाहिजेत.

आता पडद्याबद्दल थोडं. समाजमंदिराची दारं उघडी असतात, भर दुपारचा उजेड आत येतो. अशा वेळी गडद पार्श्वभूमीवरची अक्षरं दिसत नाहीत. पांढऱ्यावर काळी, ठळक, मोठी अक्षरं ठेवा. सभेआधी स्वतः शेवटच्या रांगेत बसून वाचून पाहा. वीज जाणारच असं धरून चाला आणि तीच चार वाक्यं कार्डशीटवर लिहून न्या.

आणि बोलणं. स्लाइड वाचून दाखवू नका. ती लावा, थोडं थांबा, लोकांना पाहू द्या, मग बोला. अनेक गावांत घरची भाषा गोंडी किंवा माडिया असते. तिथं गावातल्याच कोणाला तरी प्रत्येक स्लाइडनंतर त्यांच्या भाषेत सांगायला सांगा. सगळं शेवटी एकदम नको, तोवर अर्धी सभा उठलेली असते.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं निर्णय घेते, आणि विषयाचा अभ्यास आधी अभ्यासगटात होतो. आपल्यासाठी यातला धडा असा की सादरीकरण संपलं म्हणजे काम संपलं असं नाही. लोकांना आपसात बोलायला वेळ द्या. गरज पडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

हे फक्त गावापुरतं नाही. कार्यालयातल्या बैठकीत, कॉलेजच्या सेमिनारमध्येही समोरच्याला काहीतरी ठरवायचंच असतं.

तेव्हा आजचा गृहपाठ. तुमच्या जुन्या सादरीकरणातली सगळ्यात गर्दीची स्लाइड काढा. ती पाहून समोरच्यानं काय ठरवायचं होतं, ते एका वाक्यात लिहा. वाक्य सुचलं नाही, तर ती स्लाइड काढून टाकलेली बरी. पुढच्या भागात आपण आलेखांबद्दल बोलू.